फुकट मिळालेले साहित्य बदलून इतर शाळांना देता येते का? मुक्त परवान्यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, उच्च प्राथमिक, नंदुरबार जिल्हा

नमस्कार. मी सातपुड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी पावरी बोलली जाते आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्यांना जड जाते. म्हणून निरनिराळ्या संकेतस्थळांवरील गोष्टी, कृती आणि चित्रे घेऊन, त्यांतील वाक्ये सोपी करून आणि जागोजागी पावरी वाक्ये घालून मी स्वाध्यायपत्रिका तयार करते. आता आमच्या केंद्रातील, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटातील, इतर शाळांनीही त्या मागितल्या असून शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांची पीडीएफ सर्वांना द्यावी असे ठरत आहे. यातील काही मजकूर बालभारतीच्या पीडीएफमधील आहे, काही गोष्टी ‘स्टोरीवीव्हर’ या बालकथांच्या संकेतस्थळावरील आहेत, काही भाग मराठी विकिपीडियावरील आहे आणि काही चित्रे गूगलवर शोधून घेतलेली आहेत. हे सगळे मोफत मिळते, परंतु त्यात बदल करून ते वाटण्याची मुभा आपल्याला असते का? शाळेत नेट भरवशाचे नाही, त्यामुळे नेटशिवाय चालणारे साहित्यही कृपया सुचवावे.

उत्तर १ : शिक्षक प्रशिक्षक, पुणे

ताई, आपण वाटण्याआधी विचारले हे फार चांगले केले. बालभारतीची पुस्तके कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, परंतु त्यांचे सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाने स्वतःकडे राखून ठेवलेले आहेत आणि तसे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेलेही असते. शिक्षकाला सगळे माफ असते हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या तरतुदीचा बराच उदार अर्थ लावला. मात्र तेथे प्रश्न अभ्यासक्रमासाठी काढलेल्या प्रतींचा होता. दुसऱ्याच्या मजकुराचे रूपांतर करून ते केंद्रभर किंवा इंटरनेटवर प्रसृत करण्यासाठी केवळ त्या कलमावर विसंबू नये, असे मला वाटते.

मुक्त परवान्याचे, म्हणजे वापर आणि वाटपासाठी हक्कधारकाने सर्वांना आधीच दिलेल्या परवानगीचे, महत्त्व नेमके येथे आहे. युनेस्कोने २०१९ साली मुक्त शैक्षणिक साधनांविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्या व्याख्येत विनाशुल्क उपलब्धतेबरोबरच पुनर्वापर, रूपांतर आणि पुनर्वितरण यांचाही समावेश आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बीवाय ४.० या मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक, चित्रकार आणि मूळ स्रोत यांचा उल्लेख करून, बदल केला असल्यास तसे नमूद करून, आपण ती गोष्ट पावरीत आणू शकता, छापू शकता आणि वाटू शकता. कोणाच्याही पत्राची वाट पाहावी लागत नाही. ज्या भाषेत पाठ्यपुस्तके निघत नाहीत, त्या भाषेतील मुलांसाठी ही मुभा मला मोफत पीडीएफपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. बालभारतीच्या मजकुराऐवजी पाठाचे नाव व पृष्ठ क्रमांक द्यावा आणि स्वाध्याय स्वतःच्या शब्दांत लिहावा. पुस्तक मुलांच्या हातात असतेच.

उत्तर २ : माध्यमिक शिक्षक, लातूर

नेटशिवाय चालणाऱ्या साहित्यात मी ‘फेट’चे नाव आधी घेईन. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला आणि त्याची अनेक अनुरूपणे, म्हणजे संगणकावर करून पाहता येणारे आभासी प्रयोग (सिम्युलेशन), मराठीतही उपलब्ध आहेत. प्रत्येक अनुरूपण एका फाइलच्या रूपात उतरवून पेनड्राइव्हवर नेता येते आणि नंतर ते नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते.

आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठासाठी मी त्यातील परिपथ जोडणीचे अनुरूपण वापरतो. त्याला दाखवण्याची वस्तू होऊ देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. दोन दिवे एकसर जोडल्यावर ते अधिक प्रकाशतील की कमी, आणि समांतर जोडल्यावर काय होईल, हे मुलांनी आधी वहीत कारणासह लिहावे, त्यानंतरच कळ दाबावी. अंदाज चुकला की मुले आपसात जो वाद घालतात, त्यातच खरे शिकणे घडते, म्हणून तेथे घाई करू नये. त्यानंतर विद्युतघट, तार आणि बल्ब त्यांच्या हातात दिलेच पाहिजेत. अनुरूपणाचा खास उपयोग जे वर्गात करणे धोक्याचे असते त्यासाठी आहे. लघुपथन (शॉर्ट सर्किट) झाल्यावर पडद्यावरील विद्युतघटाला ज्वाळा लागलेल्या दिसतात, तेव्हा उघड्या तारांविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक अडचण आहे. पाण्यावरील एका पत्रिकेत विकिपीडियावरील परिच्छेद आणि दुसऱ्या संकेतस्थळावरील एक कृती यांची सरमिसळ झाली आहे. त्या कृतीच्या पानावर ‘बीवाय-एनसी-एसए’ असे लिहिले आहे. हे चालेल का?

उत्तर ३ : विकिमीडिया स्वयंसेवक, ठाणे

दोन्ही मजकूर एकत्र गुंफून एकच नवा मजकूर केला असेल, तर ते चालणार नाही. विकिपीडियाचा मजकूर बीवाय-एसए परवान्याखाली असतो, म्हणजे त्याचे रूपांतर त्याच परवान्याखाली द्यावे लागते आणि त्यात व्यावसायिक वापराचीही मुभा असते. आपल्या कृतीचा परवाना ‘एनसी’ या अटीने व्यावसायिक वापर नाकारतो आणि ‘एसए’ या अटीने रूपांतरानेही तो नाकारावा असे सांगतो. या दोन्ही अटी एकाच मजकुरात पाळता येत नाहीत. मात्र परिच्छेद एका चौकटीत आणि कृती दुसऱ्या चौकटीत, प्रत्येकीखाली तिचा परवाना, अशा रीतीने ते शेजारी ठेवता येतात, कारण तो केवळ संग्रह ठरतो. ‘एनडी’ ही अक्षरे दिसली, तर ते साहित्य जसेच्या तसे द्यावे. सोपे केलेले किंवा भाषांतरित रूप वाटता येत नाही.

गूगलवर सापडलेली चित्रे काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावरील चित्रे घ्यावीत, कारण तेथे एनसी किंवा एनडी अट असलेले परवाने स्वीकारलेच जात नाहीत. नकाशांबाबत मात्र दक्ष राहावे. तेथील अनेक नकाशांत भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसतात आणि शाळेच्या साहित्यात तसा नकाशा जाऊ देऊ नये.

शेवटची सूचना तांत्रिक असली तरी मला ती परवान्याइतकीच महत्त्वाची वाटते. पत्रिका युनिकोडमध्ये टंकित करावी आणि ‘मुक्त’सारखा मुक्त परवान्याचा फाँट वापरावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधील पीडीएफमधून मजकूर उचलला की निरर्थक अक्षरे हाती येतात, मग परवाना कितीही उदार असला तरी पुढच्या शिक्षकाला त्यात बदल करता येत नाही. त्यामुळे शिक्षण परिषदेत पीडीएफसोबत संपादनयोग्य फाइलही द्यावी. आपले स्वतःचे लेखन कोणत्या परवान्याखाली आहे हे प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी लिहावे. धडगावच्या एखाद्या शिक्षकाला त्यातील पावरी वाक्ये आपल्या गावच्या बोलीप्रमाणे बदलायची असतील, तर त्याला आपल्याला विचारत बसावे लागणार नाही.