मदत हवी आहे: अपस्मारावरचं औषध कार्बामाझेपिन तीन आठवडे दिल्यावर विस्टार जातीच्या उंदरांत आकडी परत येतेय

नांदेडच्या फार्मसी कॉलेजमधला प्रयोग आहे, नैतिक समितीची मंजुरी आहे. विस्टार नर उंदीर, औषध ०.५% सीएमसीमध्ये (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, घट्टपणा आणणारा पदार्थ) घोटून रोज तोंडावाटे. आकडी आणायला विजेचा झटका कानाच्या क्लिपमधून, १५० मिलिअँपिअर, ०.२ सेकंद. पहिल्या डोसनंतर आकडीत मागचे पाय ताठ होणं पूर्ण थांबतं. २१ व्या दिवशी बऱ्याच उंदरांत ते परत दिसतं. नुसतं सीएमसी दिलेल्या गटात काहीच बदल नाही.

साध्या चुका तपासल्या आहेत. डोस दर आठवड्याला नव्या वजनावर काढतो, कारण वाढत्या उंदराला जुना डोस कमीच पडतो. क्लिप सलाइनने ओल्या असतात. प्रत्येक दिवसासाठी गट वेगळा, म्हणजे आधीच्या झटक्याचा परिणाम मिसळत नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४२ च्या वर जातो, पण प्राणिगृह २२ ते २४ अंशांवरच राहतं.

आता खरा प्रश्न. कार्बामाझेपिन यकृतातली एन्झाइम्स वाढवून स्वतःलाच लवकर संपवतं, हे एक कारण. मेंदूच औषधाला सरावला, हे दुसरं. माझा कल पहिल्याकडे आहे, पण पुरावा हवा. शेवटच्या डोसनंतर नेमक्या कोणत्या वेळी रक्त घ्यावं? प्लाझ्मा पुरेल की मेंदूतली पातळीही मोजावी? पेंटोबार्बिटलने येणाऱ्या झोपेचा वेळ एन्झाइम वाढीचा अंदाज म्हणून वापरायचा, तर कार्बामाझेपिनची स्वतःची गुंगी उतरायला किती तास थांबावं?

छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरमध्ये एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कार्बामाझेपिन कोणी मोजत असेल, तर कृपया मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) आणि मोजणीची तरंगलांबी सांगा.