मालवणला पाण्याकाठी जेवायला कुठं बसावं?

निखिल, सी-५०४: नमस्कार मंडळी 🙏 पुढच्या गुरुवारी पहाटे मालवणला निघतोय. आम्ही दोघं, पिल्लू आणि आई-बाबा. दोन रात्री देवबागला मुक्काम. आईची एकच फर्माईश आहे, एकदा तरी अगदी पाण्याला लागून बसून जेवायचं. कोणी हल्ली जाऊन आलंय का?

प्राजक्ता, डी-३०३: आम्ही दिवाळीत होतो. देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. जेवायला नदीच्या बाजूला बस. वारा कमी, ताटात वाळू येत नाही. सूर्यास्त मात्र समुद्राच्या बाजूला, तो बघून मग चालत इकडे यायचं. पाच मिनिटं पण लागत नाहीत.

कुलकर्णी काका, बी-२०१: कुठंही बसा. पण मेनूकार्डावर जिथं 'साइजप्रमाणे' लिहिलंय तिथं बोट ठेवू नका!!!

निखिल, सी-५०४: काका, काय झालं होतं?

कुलकर्णी काका, बी-२०१: हॉटेलचं नाव घेत नाही. ऐन पाण्यावर, दिवे लावलेले, पाऊस नुकताच थांबलेला. पोऱ्या ट्रे घेऊन आला, बर्फावर पापलेटं मांडलेली. ही म्हणाली, अहो किती छान आहे ते मोठं. मी म्हटलं, तेच दे. वजन विचारलं नाही, भाव विचारला नाही. तळून आलं, चवीला खोटं कशाला बोलू, उत्तम होतं. बिलात त्या एकट्याचे १८००. म्हटलं, कसे? तर म्हणे, काका, सातशे ग्रॅमचं होतं. म्हटलं, काटा कुठाय तुमचा? काटा एकच होता, तो ताटात उरला होता.

प्राजक्ता, डी-३०३: 😂😂

सावंत काकू, ए-१०२: भाऊजी, पाऊस नुकताच थांबलेला म्हणजे कधी गेला होतात?

कुलकर्णी काका, बी-२०१: जुलैत. गर्दी नसते म्हणून.

सावंत काकू, ए-१०२: अहो गर्दी नसते कारण मासे नसतात! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा पावसात बंद. तुमचं ते पापलेट कुठल्या तरी कोल्ड स्टोरेजमध्ये महिनाभर झोपून आलं असणार. त्या दिवसांत खाडीतलं जे मिळेल ते खावं, नाहीतर सुकं खावं. आमच्याकडे तेच करतात.

हॉटेलवाल्याचं चुकलंच, पण बोट दाखवून मोकळं व्हायची तुमची घाई पण नडली. ट्रे आला की आधी किलोचा भाव विचारायचा. वजन डोळ्यांदेखत करायला लावायचं. वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं, तेही विचारायचं, कारण डोकं, पोट, पर सगळं त्यातच तोलतात. मग कल्ला उचलून बघायचा, लालभडक पाहिजे. डोळा फुगीर हवा, आत बसलेला नको. बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. लाजायचं काय त्यात? मंडईत कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटीपालटी करता की तुम्ही.

कुलकर्णी काका, बी-२०१: जुडी दहा रुपयांची असते वहिनी 😄

सावंत काकू, ए-१०२: म्हणूनच म्हणते!

निखिल, तू पाण्याकाठी सगळं जेवण करायच्या फंदात पडूच नकोस. बहुतेक ठिकाणी भाव पाण्याचा असतो, माशाचा नाही. पोटभर जेवण मालवण गावातल्या खाणावळीत, दुपारी एकच्या आत. थाळीत तळलेली तुकडी, सार, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा सुंगटांचं (कोळंबीचं) सुकं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी सगळं येतं आणि जेवायला गावातले लोकच बसलेले असतात. पाण्याकाठी मग दोन प्लेट तळलेलं घ्या आणि तासभर बसा. आईला बसायचंय ना पाण्याकाठी, तर बसू दे की.

निखिल, सी-५०४: पण काकू, आईला 'जेवायचं' आहे तिथं. बसून चालणार नाही, मी ओळखतो तिला 😅 गुरुवारी पोहोचलो की रात्रीच जाऊ म्हणतोय.

सावंत काकू, ए-१०२: गुरुवारी? मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात कॅलेंडर बघितलंस का, संकष्टी आहे. आई मासे खाणार?

निखिल, सी-५०४: 🤦‍♂️ विचारतो.

निखिल, सी-५०४: आई म्हणते तुम्हीच एकट्या शहाण्या आहात या ग्रुपवर. शुक्रवारी रात्री जाऊ मग. नदीच्या बाजूचं एक बघितलंय, पाण्यात खांब रोवून माची केलीये.

सावंत काकू, ए-१०२: थांब. शुक्रवारी पंचमी. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. तिथून सहा तासांनी ओहोटी. तुम्ही साडेआठला बसाल तेव्हा माचीखाली चिखल, खेकड्यांची बिळं आणि वास. चंद्रही तेव्हा उगवलेला नसेल, म्हणजे चिखलसुद्धा दिसायचा नाही, नुसता वास 😀

प्राजक्ता, डी-३०३: अरे!! म्हणून आम्हाला तसं झालं होतं. फोटोत पाणी आणि समोर काळा गाळ. आम्हाला वाटलं हॉटेलनं फसवलं.

कुलकर्णी काका, बी-२०१: वहिनी, हा पाऊणपटीचा हिशेब कुठल्याही गावी चालतो का?

सावंत काकू, ए-१०२: आपल्या कोकणपट्टीला अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चालतो. माझे वडील घड्याळ न लावता होडी काढायचे. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दुसऱ्या किनाऱ्याचं मला नका विचारू.

तर निखिल, शुक्रवारी दुपारीच बसा, अडीच-तीनला. पाणी चढत येताना दिसेल. खाणावळ शनिवारी, निघताना.

जोशी वहिनी, बी-४०२: आमच्यासारख्यांनी काय करायचं हो तिथं? मागच्या वेळी मला पनीर टिक्का दिला. समुद्रावर जाऊन पनीर!

सावंत काकू, ए-१०२: काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागायचे. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर बहुतेक जण करतात. वाटाणे भिजवायला लागतात ना. तवा वेगळा आहे का ते मात्र विचारा, रवा लावून मासे तळलेल्या तव्यावरच पापड भाजतात. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, आहे का तेही विचारा. फारच गुलाबी दिसली की समजायचं, बाटलीतलं सरबत आहे.

निखिल, सी-५०४: आणि मागवू काय? सुरमईच ना?

सावंत काकू, ए-१०२: बांगडो खा रे मेल्या! सुरमय पुण्यात पण गावता. तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार सांग. तिरफळं नुसती वासाला असतात, चावायची नाहीत, बाजूला काढायची. पिल्लूच्या वाटीत एकही जाऊ देऊ नकोस, जीभ बधिर होते.

येताना मला अर्धा किलो सुका जवळा. बाजारात आणणारीकडून घे, पाकीटबंद नको.

*(शनिवार)*

निखिल, सी-५०४: निघालो आता. काल पावणेतीनला बसलो. पाणी आधी बरंच खाली होतं, आई म्हणाली कुठाय तुझ्या काकूंची भरती. साडेतीनपर्यंत माचीच्या फळ्यांखाली चुबुक चुबुक आवाज यायला लागला. त्यानंतर आई जी गप्प झाली ती बिल येईपर्यंत. बाबांनी काटा मागितला तर हॉटेलवाला हसला, पण आणला. हलवा मासा ४६० ग्रॅम भरला. बांगड्याचं सार दोनदा मागवलं. एक तिरफळ मीच चावलं 😖

कुलकर्णी काका, बी-२०१: काटा आणला?? मला का नाही आणला मग?

सावंत काकू, ए-१०२: तुम्ही मागितलात कुठं भाऊजी. जवळा घेतलास का रे?

निखिल, सी-५०४: घेतला. डिकीत तीन पिशव्यांत गुंडाळून. फोंडा घाटाच्या आतच वास पुढे आलाय, पिल्लू नाक धरून बसलीये.

जोशी वहिनी, बी-४०२: निखिल, कृपया लिफ्टनं नको आणूस. पहिलाच तर मजला आहे त्यांचा.

सावंत काकू, ए-१०२: गेटवर आलास की मिस्ड कॉल दे. मी घट्ट झाकणाचा डबा घेऊन खालीच येते.