मदत हवी आहे : थीम पार्कमधल्या व्हिस्की कॉकटेलचा फेस घरी टिकत नाही

एका थीम पार्कच्या उपाहारगृहात मिळणारे, व्हिस्की सावरच्या (व्हिस्की, लिंबूरस आणि साखर यांच्या पेयाच्या) धर्तीचे कॉकटेल मी घरी करून पाहत आहे. मेन्यूवर बर्बन (मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की), लिंबू, मध आणि आले एवढेच लिहिले होते. प्रमाण अर्थातच नव्हते. ६० मिली बर्बन, २० मिली ताजा लिंबूरस आणि मध व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला २० मिली पाक, एवढ्यावर चव जवळजवळ जुळते. आले पाकात उकळले, तेव्हा त्याचा तिखटपणा मावळला. पाक गार झाल्यावर आल्याचा कच्चा रस मिसळला, तेव्हा मात्र तो घशाशी नेमका जाणवला.

अडचण फेसाची आहे. तिथे पेल्यावर बोटभर जाडीचा, मऊ थर शेवटच्या घोटापर्यंत टिकत असे. असा फेस सहसा अंड्याच्या पांढऱ्या बलकाने आणतात, पण मला अंड्याची ॲलर्जी असल्यामुळे मी त्याऐवजी काबुली चणे शिजवलेले २५ मिली पाणी घातले आणि शेकर आधी बर्फाविना, मग बर्फासह हलवला. तरी दोन-तीन मिनिटांत मोठे बुडबुडे येऊन थर विरतो. सायफन (गॅसच्या दाबाने फेस करणारी बाटली) माझ्याकडे नाही, हँड ब्लेंडर आहे. अशा वेळी चण्याचे पाणी आटवून दाट करावे, की त्याचे प्रमाण वाढवावे, आणि आटवल्यास चण्याचा वास पेयात उतरू नये यासाठी काय करावे?