अनुभव: लांबलेला उन्हाळा, न थांबणारा पाऊस आणि आपलं तळं

यंदा ऊन सरता सरेना आणि मग पाऊस थांबेना. या दिवसांत तळ्यावर काय पाहिलंत ते लिहा. पक्ष्यांची यादी नको, डोळ्यांसमोर घडलेलं हवं. सुरुवात मी करते.

तळ्याचं डबकं झालं होतं. भेगाळलेल्या काठावर टिटवीची चार अंडी, अगदी उघड्यावर. भर दुपारी ती उठून पाण्यात जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची. उन्हाळ्यात अंडी थंड ठेवावी लागतात, हे मला तेव्हा उमगलं. तीन पिल्लं निघाली.

~

आमच्याकडे पहाटे सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. कुणी विष टाकलं की काय, असंच वाटलं. पण कोमट पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो, त्यात शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर तो वापरतात. म्हणून पहाट सगळ्यात जड. ऊन वर आलं की मासे खाली जात. चौथ्या दिवशी मात्र काठाला मेलेल्या माशांची रांग लागली. तेही वहीत लिहिलं. लिहायलाच हवं ना?

~

हो, नक्की लिहा. नुसते चांगले दिवस नोंदवले तर ती नोंद अर्धीच.

~

सुकलेल्या गाळात झाकण घट्ट मिटलेली गोगलगाय सापडली. मेली समजून उचलली, पण जड लागली, म्हणजे आत जीव असावा, म्हणून तिथेच ठेवली. पाणी भरल्यावर त्याच कोपऱ्यात गोगलगाई फिरत होत्या.

~

पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री पिवळेधमक बेडूक! आदल्या दिवशी एकही नव्हता.

~

माझं सगळं लक्ष टिबुकलीवर, म्हणजे पाण्यात बुड्या मारणाऱ्या त्या छोट्या पक्ष्यावर. तिचं तरंगतं घरटं पाणवनस्पतींना अडकवलेलं, त्यामुळे पाणी चढलं तसं तेही चढलं. सलग पाच दिवस छत्री धरून पाहत होते. घरट्यावर नुसता ओल्या पाल्याचा ढीग दिसला की जीव खाली-वर व्हायचा. पण उठताना ती अंडी पाल्याने झाकून जाते, म्हणून अंडी दिसली नाहीत तर घरटं सोडलं असं धरू नका आणि जवळ तर मुळीच जाऊ नका. सहाव्या दिवशी वारा सुटला आणि घरटं तुटून वाहून गेलं.

~

अरेरे. मग जोडी?

~

आहे. आज दोघं पुन्हा पाला ओढत होते, या वेळी लव्हाळ्याच्या आत.