दहा जणांच्या ऑफिसला फाइल सर्व्हर: जुना पीसी की तयार नॅस?

खटपट्या
नारायण पेठेतलं सीएचं ऑफिस, माणसं दहा. डेटा दीड टीबी: टॅली, एक्सेल, स्कॅन केलेल्या पीडीएफ. सध्या एका विंडोज 10 मशीनवरचं फोल्डर शेअर करून भागवलंय. बजेट डिस्क धरून साठ हजार. माझं मत: आठव्या पिढीचा आय5 असलेला रिफर्बिश्ड टॉवर, 16 जीबी रॅम, ट्रूनॅस (पीसीचा फाइल सर्व्हर करणारी सिस्टिम) आणि मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवून, 4 टीबीच्या दोन डिस्क. तयार नॅस, म्हणजे डिस्क घालून नेटवर्कला जोडायचा कंपनीचा डबा, घेणं म्हणजे नुसत्या डब्याचे पैसे.

कात्रज_घाट
साफ नामंजूर. ब्रँडेड टॉवर घेण्याआधी उघडून बघा. बऱ्याच मॉडेल्सच्या मदरबोर्डला नेहमीचा 24 पिनांचा कनेक्टर बसतच नाही. पॉवर सप्लाय उडाला की त्याच कंपनीचा शोधत फिरा. डिस्कच्या सॅटा पॉवर वायरी कमी पडल्या की लोक मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या प्लगचा) अ‍ॅडॉप्टर लावतात. त्यातले मोल्डेड, म्हणजे प्लॅस्टिक ओतून बंद केलेले, वितळतात, कधी पेटतातही. आणि टॅक्स ऑडिटच्या सीझनमध्ये ट्रूनॅस रुसला तर त्याचा पूल (एकत्र बांधलेल्या डिस्क) दुसऱ्या मशीनवर इंपोर्ट कोण करणार? आर्टिकलशिपची पोरं?

खटपट्या
आणि तयार डब्याचा बोर्ड उडाला तर? नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने 2025 च्या प्लस मॉडेल्सवर स्वतःच्याच डिस्कची सक्ती केली होती, ओरड झाल्यावर मागे घेतली. अशांच्या भरवशावर राहू?

कात्रज_घाट
बोर्ड उडाला तरी डिस्क शाबूत असतात. त्यांच्या रेडखाली (RAID, अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) लिनक्सचीच एमडीएडीएम आणि एलव्हीएम ही साधनं आहेत, उबुंटूवर लावून डेटा वाचता येतो.

गुरुवारवाला
डब्यावरून भांडताय, आत काय घालायचं ते कोणी बोलत नाही. 4 टीबीची स्वस्त डिस्क मागितली तर दुकानदार बाराकुडा हातात ठेवेल. ती एसएमआर आहे: ट्रॅक एकमेकांवर चढवलेले, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या कामात कळत नाही. मिररमधली एक डिस्क बदलून रीसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उतरवणं, सुरू झालं की ती तासन्‌तास अडकते, कधी सर्व्हर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. 2020 मध्ये डब्ल्यूडीच्या ‘रेड’ नावाच्या डिस्कचाही हाच घोळ उघड झाला. रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ घ्या, बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

दुसरं, वीज. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की लाइट तासन्‌तास जातात. 600 व्हीएच्या यूपीएसमधली 7 एएचची बॅटरी नवी असताना 60 वॉटवर वीसेक मिनिटं काढेल. तेवढ्यात सर्व्हर आपला आपण बंद व्हायला हवा, म्हणून यूपीएसला यूएसबी डेटा पोर्ट पाहिजे. स्वस्तातल्या बहुतेकांना तो नसतो. लावून झाल्यावर भिंतीचं बटण बंद करा आणि सर्व्हर खरंच शटडाउन होतो का ते उभं राहून बघा. बायॉसमध्ये वीज आल्यावर चालू होण्याचं सेटिंगही करा, नाहीतर सकाळी ऑफिसात बोंब.

रॅकबहाद्दर
दोघंही चुकताय. ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या रॅमशिवाय झेडएफएस (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) लावूच नये. झिऑन या सर्व्हरच्या प्रोसेसरचा जुना रॅक सर्व्हर घ्या.

खटपट्या
ईसीसी चांगलीच, पण ती नसली तर झेडएफएस इतर फाइल सिस्टिमपेक्षा जास्त धोक्याची होते, हा गैरसमज आहे. तुमचा रॅक सर्व्हर 150 वॉट खाणार म्हणजे दिवसाला 3.6 युनिट, माझा टॉवर 40 वॉटवर एका युनिटात भागवतो. आणि त्या पंख्यांच्या आवाजात क्लायंटशी बोलणार कसं?

कात्रज_घाट
टॅलीचं काय ठरवलं? गिगाबिट लाइनवर सेकंदाला 110 एमबी मिळतात, मोठ्या पीडीएफला ते पुरे. टॅली मात्र सतत बारीक वाचन-लेखन करते, दहा जण बसले की हार्ड डिस्क हेड फिरवूनच दमते. टॅलीचा डेटा वेगळ्या एसएसडी जोडीवर ठेवा. वायफायवरून शेअरवरची टॅली उघडू देऊ नका, मध्येच लाइन तुटली की डेटा दुरुस्त करत बसाल.

खटपट्या
एसएसडी मान्य. म्हणजे चार डिस्क झाल्या. दोन खणांच्या नॅसमध्ये बसवून दाखवा!

कात्रज_घाट
मग चार खणांचा घ्या. तुमच्या टॉवरला तरी साडेतीन इंचाचे खण किती आहेत, मोजलेत?

गुरुवारवाला
घ्या काहीही, पण मिररला बॅकअप समजू नका. रॅन्समवेअर शिरलं की दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. तासातासाला स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती), आणि आठवड्याआड बदलायच्या दोन यूएसबी डिस्क, त्यातली एक ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा तिच्यावरचा एखाद्या कंपनीचा डेटा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून टॅलीत उघडून बघा.