बायोडेटा सगळ्यांचे सारखेच, मग मला का घेतील?

निंबोळी:
राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातली, यंदा बीएस्सी अ‍ॅग्री झाले. धुळ्याला फील्ड ऑफिसरच्या मुलाखतीला गेले तर सहा जागांना शंभरावर मुलं. बसल्या बसल्या शेजारच्या तिघांचे बायोडेटा पाहिले. कॉलेजचं नाव सोडलं तर माझाच कागद: ‘मेहनती, शिकण्याची आवड’. माझा नंबर लागला नाही. येत्या शुक्रवारी जळगावला ठिबकच्या कंपनीत मुलाखत आहे. घरी तीन एकर केळी आहे, पण घरच्या शेतातलं काम कुणी अनुभव म्हणून धरतं का?

भुसावळ पॅसेंजर:
एमएस-सीआयटी झालंय ना? ते वरच लिही. आत कुणी ओळखीचं असेल तर आधी फोन करून ठेव.

पाटचारी:
ताई, ओळखीने फार तर दारापर्यंत जाता येतं. मी ठिबकमध्ये ११ वर्षं आहे, पाच वर्षांपासून मुलाखती घ्यायला बसतो. ‘मेहनती’ प्रत्येकाच्याच कागदावर असतं, त्यावर नजर थांबत नाही.

गेल्या वर्षी चोपड्याकडचा एक मुलगा आला. त्याने लिहिलं होतं, ‘कांदेबाग, दोन एकर, ठिबकच्या पाळ्या वर्षभर मी सांभाळल्या.’ (कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना लावलेली केळी.) मी विचारलं, पाणी किती लागायचं? त्याने कागद मागितला. सहा बाय पाच फुटांची लागवड, एकरी १४५२ झाडं, झाडाला तासाला ४ लिटर पाणी सोडणारे दोन ड्रिपर, म्हणजे एकराला तासाला साडेअकरा हजार लिटरच्या वर. ‘आमची मोटर दोन्ही एकर एकदम ओढत नव्हती, म्हणून मध्ये व्हॉल्व्ह टाकून दोन पाळ्या केल्या. लाइट रात्रीची असली की मीच उठायचो.’ मार्क ५८ टक्के. घेतलं त्यालाच. बांधावर शेतकरी हेच विचारतो, मार्क विचारत नाही.

तेव्हा नुसतं ‘केळीचा अनुभव’ लिहू नको. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) की कांदेबाग, ड्रिपर चोक झाले तेव्हा काय केलंस, फिल्टर किती दिवसांनी धुतेस, खतं कशी सोडतेस, हे लिही. न केलेलं एक अक्षरही लिहू नको, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. शेतातली वही असेल तर सोबत ने, मातीचे डाग असले तरी.

केळीवाला रावेर:
पॅकहाउसचंही हेच आहे. केळी १३ अंशांच्या खाली का ठेवत नाहीत, एवढं विचारलं तरी निम्मी मुलं गप्प होतात. गारठ्याने साल काळवंडते, हे ज्याने माल हाताळलाय तो लगेच सांगतो.

निंबोळी:
पाटचारी दादा, वही नाही माझ्याकडे. आजच केली. सकाळी शेवटच्या नळीच्या टोकाला, ४ लिटरच्या ड्रिपरखाली डबा ठेवला. १५ मिनिटांत एक लिटर भरायला हवं होतं, ७०० मिलीच भरलं. अप्पांना दाखवलं. आता नळ्यांची टोकं उघडून धुतोय. परवा पुन्हा मोजते आणि दोन्ही आकडे लिहून शुक्रवारी नेते.