विहीणबाईंचे पणजोबा १८९१ साली कुठे गेले होते?

सांचेवाल्याचा_मुलगा (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नचा आहे, इंदूरचा नाही. तरी मी त्यात कसा पडलो ते आधी सांगतो.

मुलगा इंग्लंडात असतो, सूनबाई तिकडच्याच, लँकेशायरच्या. मागच्या दिवाळीला विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफ्यातलं खाणं, सगळं यथासांग झालं. एकदा जेवताना मी सहज म्हटलं की माझे वडील इथल्या एका कापड मिलमध्ये सांचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते आणि नंदानगरच्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण वाढलो. बाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, माझे पणजोबाही विणकरच. शिवाय ते काही वर्षं इंडियात होते, तिथे माग बसवायला गेले होते, असं आजी सांगायची.

झालं, माझी झोप उडाली. इंदुरातली पहिली गिरणी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी काढली, यंत्रं विलायतेची. हा माणूस इथेच तर आला नसेल?

तेव्हापासून मी, मुलगा आणि सूनबाई तिघं मिळून शोधतोय. नाव इथे देत नाही. आडनाव तर असं की आपल्या कुलकर्ण्यांसारखं, गल्लोगल्ली. घरात आम्ही त्यांना 'विणकरबाबा' म्हणतो. जन्म १८५७ चा, तिकडच्या जन्मनोंदींच्या सूचीत जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत. (त्याच १ जुलैला इकडे इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता. संबंध काही नाही, पण मला असं जोडल्याशिवाय साल लक्षात राहत नाही.) १८६१ च्या जनगणनेत वय ३. १८७१ ला वय १३ आणि धंद्याच्या रकान्यात 'सुती विणकर'. १८७९ ला लग्न. दाखल्यावर नवऱ्याची सही आहे, नवरीची फुली. १८८१ ला दोघंही सांच्यावर. बायकोसुद्धा! आमच्या मिलमध्ये बायका असायच्या, पण सांच्यावर मी एकही पाहिली नाही.

आणि मग १८९१. घर ब्लॅकबर्नमध्येच. कुटुंबप्रमुख म्हणून बायकोचं नाव, त्यापुढे 'विवाहित', तीन मुलं, एक पोटभाडेकरू. विणकरबाबा नाहीत. १९०१ ला परत घरात हजर, पण आता विणकर नव्हेत, गिरणीच्या आवारातले मजूर.

तर इंग्लंडातून असा साधा कामगार इकडे आला असेल, तर त्याची नोंद कुठे सापडेल?

मऊकर

काका, मी तुमच्या इंदूरजवळच्या मऊ छावणीचा. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी गोरा आपल्या पूर्वजाची कबर शोधत येतो आणि मी त्याला चहा पाजून कबरस्तान दाखवतो. त्या अनुभवावरून सांगतो.

भारतातल्या इंग्रजांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांत विभागलेल्या. बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या पैसे भरून बघायच्या साइटवर बघता येतात. 'फिबिस' नावाची संस्था आहे, ब्रिटिश भारतातल्या घराण्यांवर काम करणारी, तिची सूची फुकट आहे. तिथून सुरुवात करा.

पण आशा फार ठेवू नका. जो माणूस इथे जन्मला नाही, लग्नाला उभा राहिला नाही आणि मेला नाही, तो या वह्यांत येतच नाही. दोन वर्षं काम करून परत गेलेल्याची नोंद कोण करणार? जहाजांच्या प्रवासीयाद्या आहेत, पण इंग्लंडातून बाहेर जाणाऱ्यांच्या जपून ठेवलेल्या याद्या १८९० पासूनच्या. ते त्याआधी निघाले असतील तर तोही रस्ता बंद.

आणि एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवी. सांचा चालवतो विणकर, बसवतो फिटर. कंपनी यंत्राबरोबर फिटर पाठवेल. विणकराला सातासमुद्रापार कोण पाठवतं?

सांचेवाल्याचा_मुलगा (इंदूर)

खरंय. सांचा बिघडला की वडील जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, हाक मारायचे, स्वतः पान्याला हात लावायचे नाहीत. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पाटणीपुरा_जुना

लोकांचे पणजोबा शोधता आहात, स्वतःच्या वडिलांचं काय काय जमवलंत?

सांचेवाल्याचा_मुलगा (इंदूर)

एक ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, एक गटाचा फोटो, त्यात ते मागच्या रांगेत अर्धे झाकलेले. मिल बंद झाली तेव्हा हजेरीची पुस्तकं कुठे गेली कुणास ठाऊक. आणि आपल्या जनगणनेत माणसाच्या नावाचा कागद बघायची सोयच नाही, १९४८ च्या कायद्याने तो गोपनीय. तिकडे शंभर वर्षं झाली की घरोघरचं पान खुलं. राग येतो, भाऊ, पण म्हणून त्यांचं पान वाचायचं सोडू का?

प्रेस्टनची_माई

आजोबा, मी गेली बावीस वर्षं प्रेस्टनमध्ये आहे आणि हा नाद मलाही आहे. माझ्या नवऱ्याची आजी बर्नलीची विणकर होती. तुमचा धागा दोनदा वाचला.

आधी भारताचं. इंडियात गेले होते हे ऐकून तुम्हाला नवल वाटलं, पण त्या गावात इंडिया हा रोजचा शब्द होता. ब्लॅकबर्नच्या सांच्यांवर धोतरंच विणली जायची, तुमच्या-माझ्या पणजोबांसाठी. बाबा तीन-चार वर्षांचे असताना अमेरिकेतलं युद्ध पेटलं, कापूस यायचा थांबला, १८६१ ते ६५ गिरण्या ओस पडल्या. मग आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस नेला, त्याला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा सारखा तुटायचा आणि मजुरी तर विणलेल्या मापावर. शेवटी 'सुरत' म्हणजे कुठलाही रद्दी माल, असा अर्थ झाला! तेव्हा घरातला माणूस काही वर्षं दिसत नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला इंडिया हा सोयीचा पत्ता होता. असंच झालं असं म्हणत नाही. पण 'इंडियात गेला' आणि 'अमेरिकेत गेला' या गोष्टी मी इतक्या घरांत ऐकल्यात की आता आधी घराजवळ बघते.

तुम्ही १९११ च्या फॉर्मचं काहीच लिहिलं नाहीत. तो मिळाला असेल तर जपून ठेवा. आधीच्या जनगणनांत आपण वाचतो ते गणकाने वहीत उतरवलेलं, १९११ चा कागद मात्र घरच्यांनी स्वतः भरलेला. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली, हे विचारलंय. तो आकडा बघा आणि तुमच्या हातातली मुलं मोजा.

मग जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे इकडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीच्या, संकेतस्थळावरची सूची उघडा. फुकट आहे, फक्त खातं काढावं लागतं. तिथे १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलंय. तुमच्यासारख्या सर्रास आडनावाला तेच तारतं. ब्लॅकबर्न जिल्हा, खंड ८ई (त्या भागाच्या नोंदवहीचा क्रमांक), बापाचं आडनाव, आईचं माहेर, बस्स. जनगणनेच्या दोन रात्रींच्या मध्ये जन्मून गेलेली मुलंही तिथे सापडतात. कोणत्या वर्षी मूल झालं आणि कोणत्या वर्षांत झालंच नाही, यावरून नवरा घरात कधी होता ते कळतं.

आणि शेवटचं, जरा अवघड. १८९१ ची मोजणी ५ एप्रिलच्या रात्रीची. त्या रात्री माणूस घरी नसेल तर तुरुंग, दवाखाना, वर्कहाउस (निराधारांना ठेवायची जागा) किंवा वेड्यांचं इस्पितळ यातलं कुठलंही ठिकाण असू शकतं. तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात पुष्कळदा पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहीत. तुम्ही नावाने शोधताय, म्हणून ते सापडत नाहीत. नाव सोडा. पुरुष, ३३, विणकर, जन्म ब्लॅकबर्न, असं शोधा. आमच्या प्रेस्टनजवळ व्हिटिंगहॅमचं मोठं इस्पितळ होतं, १८७३ ला सुरू झालेलं. तेही बघा. 'पॉपर', म्हणजे कंगाल, असा शेरा दिसला तर दचकू नका, खर्च गरीब-कायद्याच्या निधीतून व्हायचा एवढाच त्याचा अर्थ. कामगाराच्या घराला दुसरा मार्गच नव्हता.

सूनबाईंना म्हणावं, गावच्या लायब्ररीत जा. तिथल्या संगणकावर पैशांच्या साइटी बहुधा फुकट चालतात.

सांचेवाल्याचा_मुलगा (इंदूर)

माई, तीन आठवड्यांनी लिहितोय. सापडले.

१९११ चा फॉर्म होता आमच्याकडे, नीट वाचलाच नव्हता. लग्नाला ३१ वर्षं, ७ मुलं जन्मली, ४ हयात, ३ गेली. अक्षर मोठं, ठासून लिहिलेलं. मी त्यांची सही बघण्यात दंग होतो आणि आकड्यांवरून नजर नुसती फिरली. सूचीत सातही मिळाली. हयात चौघं १८८०, ८३, ८६ आणि एकदम ९४. गेलेल्यांपैकी धाकटं १८८८ चं, जन्म आणि मृत्यू एकाच तिमाहीत.

मग तुम्ही म्हणालात तसं नाव टाकून दिलं. व्हिटिंगहॅमच्याच पानांवर मिळाले. दोन आद्याक्षरं, पुरुष, ३३, सुती विणकर, ब्लॅकबर्न, शेवटच्या रकान्यात शेरा. आद्याक्षरांवर विसंबायचं नाही म्हणून मुलाने लंडनच्या राष्ट्रीय दप्तरातली वेड्यांना दाखल केल्याची रजिस्टरं काढली, ती अ‍ॅन्सेस्ट्री या तशाच पैशांच्या साइटवर आहेत. तिथे पूर्ण नाव. दाखल नोव्हेंबर १८८८. सुटका मे १८९३, पुढे 'बरा झाला'. पुढच्याच वर्षी धाकटी मुलगी.

१८८८ च्या त्या बाळाचा आणि नोव्हेंबरचा काही संबंध होता का, हे मला माहीत नाही आणि मी तो जोडणारही नाही. बायको मात्र साडेचार वर्षं सांच्यावर उभी राहिली, तीन मुलं आणि एक भाडेकरू सांभाळून, आणि गणक दारात आल्यावर तिने 'विवाहित' म्हणून सांगितलं. आमच्या आईची फार आठवण आली.

विहीणबाईंना सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. माझी बायको म्हणाली, त्यांचे पणजोबा आहेत, आपण कोण लपवणार? शेवटी व्हिडिओ कॉलवर सूनबाईंनीच सांगितलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे आजीला ठाऊक होतं तर. ती 'इंडिया' म्हणाली की नेहमी उठून चहा ठेवायला जायची.

इस्पितळाची केसबुकं प्रेस्टनच्या लँकेशायर अर्काइव्हजमध्ये आहेत. शंभर वर्षं उलटल्यामुळे हे पान बघता येईल. गुरुवारी सूनबाई आणि विहीणबाई दोघी जाणार आहेत. माई, तुम्ही त्याच गावात आहात म्हणून विचारतो, अशा केसबुकात रोग्याचा फोटो असतो का हो? बाईंकडे त्यांचा एकही नाही.

प्रेस्टनची_माई

कधी असतो, कधी नसतो. गुरुवारी माझी सुट्टी आहे. दोघींना सांगा, मी दारात उभी असेन.